टर्बोचे जनक : आल्फ्रेड ब्युखी

मुलांनो, वर्गाला तुम्ही ज्या मोटारीतून येता, तिच्या पाठीमागे काय काय लिहिले आहे ते कधी नीट वाचले आहे का? काही गाड्यांवर ‘टर्बो’ हा शब्द असतो. काहींवर तो लिहिलेला नसतो, पण आत इंजिनाशेजारी टर्बो बसवलेला असतोच. टर्बोमुळे गाडीला जोर येतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण तो जोर येतो कुठून? आणि ही युक्ती प्रथम कोणाला सुचली? आज आपण त्या माणसाची ओळख करून घेऊ. इंजिने बनवणाऱ्या जगात त्यांचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. ते नाव म्हणजे आल्फ्रेड ब्युखी.

ब्युखी यांचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर या गावी झाला. स्वित्झर्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फाचे डोंगर, चॉकलेट आणि घड्याळे येतात. पण विंटरथूर हे कारखान्यांचे गाव. आपल्या पिंपरी-चिंचवडसारखे म्हणा ना! सुल्झर बंधूंचा यंत्रांचा मोठा कारखाना तेथे होता. आगगाडीची इंजिने बनवणारा कारखानाही तेथेच होता. आल्फ्रेडचे वडील सुल्झरमध्ये वरच्या हुद्द्यावर होते. म्हणजे या मुलाच्या घरी यंत्रांच्या गोष्टी नव्या नव्हत्या.

एक गंमतीचा योगायोग सांगतो. आल्फ्रेड जन्मला त्याच वर्षी एक तरुण जर्मन विद्यार्थी काम शिकण्यासाठी याच सुल्झर कारखान्यात आला होता. त्याचे नाव रुडॉल्फ डिझेल. होय, ज्याच्या नावाने आपण आज ‘डिझेल इंजिन’ म्हणतो तोच! डिझेल यांचे यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीत चालले, आणि पुढे ब्युखींनी आपले आयुष्य ज्या इंजिनांवर घालवले ती प्रामुख्याने डिझेल इंजिनेच होती.

आल्फ्रेडने १८९९ साली झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रशास्त्र संस्थेत प्रवेश घेतला आणि १९०३ साली तो यंत्रशास्त्राचा इंजिनियर झाला. अल्बर्ट आइनस्टाइनही याच संस्थेचे विद्यार्थी. त्यांनी १९०० साली तेथून पदवी घेतली. शिक्षण संपल्यावर ब्युखी नोकरीसाठी परदेशी गेले. बेल्जियम आणि इंग्लंड या देशांत त्यांनी काम केले. बेल्जियममधल्या घेंट शहरात कारेल्स बंधूंचा कारखाना होता. तेथे डिझेल इंजिने बनत. तेथेही ब्युखींनी काम केले.

इंजिनांबरोबर काम करताना ब्युखींचे लक्ष एका गोष्टीकडे गेले. इंजिनात इंधन जळते, पण त्यातून निघालेली सगळी शक्ती कामी येत नाही. समजा, आईने शंभर रुपयांचे तेल गाडीत भरले. त्यातले ढोबळमानाने तीस-पस्तीस रुपये गाडी पळवायला उपयोगी पडतात. साधारण तेवढेच रुपये इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबरोबर निघून जातात. आणि साधारण तेवढेच रुपये धुराबरोबर मागच्या नळीतून हवेत जातात! हा धूर नुसता धूर नसतो. तो अतिशय गरम असतो आणि जोराने बाहेर पडत असतो. म्हणजे त्यात शक्ती असते. ती फुकट का जाऊ द्यायची?

आता तुमच्या आजीची चूल आठवा. तुम्ही पाहिली नसेल तर आईबाबांना विचारा. चूल विझू लागली की आजी फुंकणी घेऊन निखाऱ्यांवर फुंकर घालत असे, आणि जाळ भडकत असे. असे का? कारण जळायला हवा लागते. हवा जास्त, तर जाळ जास्त. इंजिनाचेही तसेच आहे. सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबली, की तेवढ्याच आकाराच्या इंजिनात जास्त इंधन जाळता येते, आणि जास्त शक्ती मिळते. पण हवा कोंबायला फुंकणी चालवणारे कोणीतरी हवे. ब्युखींची युक्ती अशी, की चुलीच्या धुरालाच फुंकणी चालवायला लावायचे!

हे कसे करायचे? जत्रेत मिळते ते भिरभिरे डोळ्यांपुढे आणा. एका काडीच्या दोन टोकांना दोन भिरभिरी घट्ट बसवली आहेत असे समजा. एका भिरभिऱ्यावर फुंकर मारली, की काडी फिरते आणि दुसरे भिरभिरेही फिरते. टर्बोमध्ये हेच होते. एका टोकाचे पात्यांचे चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरात असते. त्याला टर्बाइन म्हणतात. दुसऱ्या टोकाचे चाक बाहेरची ताजी हवा ओढून, दाबून इंजिनात ढकलते. त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. धूर जेवढा जोरात, तेवढी चाके जोरात, तेवढी हवा जास्त.

१६ नोव्हेंबर १९०५ रोजी ब्युखींनी या कल्पनेसाठी जर्मनीत पेटंटचा अर्ज केला. त्या वेळी ते अवघे २६ वर्षांचे होते. त्यांच्या त्या पहिल्या आराखड्यात कॉम्प्रेसर, इंजिन आणि टर्बाइन ही तिन्ही एकाच दांड्यावर होती. आजचा टर्बो इंजिनाच्या दांड्याला जोडलेला नसतो, तो आपला आपण मोकळा फिरतो. पण वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायचे आणि इंजिनाला जास्त हवा द्यायची, हे मूळ बीज त्या कागदावर होते.

मुलांनो, तुम्हाला वाटेल की झाले, लागला शोध, संपली गोष्ट! पण नाही. खरी गोष्ट येथून सुरू होते. कल्पना कागदावर आली, पण ती यंत्रात उतरवून रोजच्या रोज, न बिघडता चालवायला ब्युखींना आणखी वीस वर्षे लागली.

१९०९च्या सुमारास ते आपल्या गावी, सुल्झर कारखान्यात परत आले आणि डिझेल इंजिनांच्या संशोधनाचे काम पाहू लागले. १९११ साली तेथे टर्बोच्या प्रयोगांसाठी खास व्यवस्था झाली. १९१५ साली त्यांनी टर्बो बसवलेल्या इंजिनाचा नमुना तयार केला. तो विमानासाठी होता. उंचावर हवा विरळ होते, म्हणून इंजिनाची ताकद कमी होते, ती भरून काढावी असा हेतू होता. पण तो नमुना भरवशाचा ठरला नाही. कारखान्यात त्याचे उत्पादन झाले नाही.

त्याच काळात पहिले महायुद्ध चालू होते आणि इतर देशांतही असेच प्रयत्न होत होते. फ्रान्समध्ये ऑगस्त रातो यांनी विमानाच्या इंजिनाला टर्बो लावला. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली कोलोरॅडो राज्यातल्या पाइक्स पीक या डोंगरावर, सुमारे १४ हजार फूट उंचीवर इंजिन नेऊन टर्बोची परीक्षा घेतली. तेथील विरळ हवेतही इंजिनाची ताकद टिकली. पण ही विमानांची गोष्ट झाली. युद्धातले विमान काही तास उडाले तरी चालते. बोटीचे, आगगाडीचे किंवा कारखान्याचे इंजिन मात्र वर्षानुवर्षे, रात्रंदिवस चालले पाहिजे.

अडचण काय होती? धुराच्या वाटेत टर्बाइन बसवले, की धुराला बाहेर पडायला अडथळा होतो. सिलिंडरमध्ये थोडा जळका धूर शिल्लक राहतो. मग ताज्या हवेला जागा कुठून मिळणार? शिवाय जास्त इंधन जाळले की उष्णताही जास्त. झडपा आणि दट्ट्या, म्हणजे पिस्टन, अतिशय तापतात. जास्त ताकद मिळवायची आणि इंजिनही टिकवायचे, या दोन गोष्टींचा मेळ बसत नव्हता.

तुम्ही मुंबईच्या लोकलमध्ये बसला असाल तर हे लगेच कळेल. दादर स्टेशन आले. आतल्या माणसांना उतरायचे आहे, बाहेरच्यांना चढायचे आहे. उतरणारे दारातच अडकले तर कोणालाच आत शिरता येत नाही. आधी उतरणाऱ्यांना वाट मिळाली पाहिजे. इंजिनातही आधी धूर नीट बाहेर गेला पाहिजे.

ब्युखींनी यावर तोड काढली आणि १९२५ साली तिचे पेटंट घेतले. इंजिनात अनेक सिलिंडर असतात आणि ते पाळीपाळीने धूर सोडतात. प्रत्येक वेळी धुराची एक लाट येते. सर्व सिलिंडरांचा धूर एकाच नळीत सोडला, तर एकाची लाट दुसऱ्याच्या आड येते. म्हणून ब्युखींनी सिलिंडरांचे गट केले. ज्यांच्या पाळ्या एकमेकांच्या आड येत नाहीत अशांना एका नळीत घातले, आणि अशा वेगवेगळ्या नळ्या टर्बाइनपर्यंत नेल्या. आता धुराच्या लाटांचा पूर्ण जोर टर्बाइनला मिळू लागला. शिवाय दोन लाटांच्या मधल्या काळात नळीतला दाब उतरतो. नेमक्या त्याच वेळी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशा दोन्ही झडपा थोडा वेळ उघड्या ठेवायच्या. मग दाबलेली ताजी हवा सिलिंडरमधून वाऱ्यासारखी जाते, उरलासुरला धूर झाडून काढते आणि तापलेले भाग थंडही करते. झाडलोट आणि थंडावा, एका कामात दोन कामे!

नीट पाहा, ब्युखींनी हवा नुसती जास्त जोराने कोंबली नाही. त्यांनी आधी धुराची वाट मोकळी केली. म्हणून इंजिनाची ताकदही वाढली आणि ते टिकूही लागले.

एकट्याने हे काम होण्यासारखे नव्हते. १९२४ साली स्वित्झर्लंडमधल्याच बाडेन गावच्या ब्राउन बोव्हेरी कंपनीने विंटरथूरच्या आगगाडी-इंजिनांच्या कारखान्याला, तेथल्या एका डिझेल इंजिनासाठी, टर्बो बनवून दिला होता. १९२६ साली ब्युखींनी सुल्झरमधले काम सोडले. ज्या कारखान्यात वडिलांनी काम केले, जेथे स्वतः इतकी वर्षे घालवली, तो सोडून त्यांनी या दोन कंपन्यांबरोबर एक मंडळ स्थापन केले. एक कंपनी टर्बो बनवणार, दुसरी चाचणीसाठी इंजिन देणार आणि ब्युखी आपले ज्ञान देऊन गिऱ्हाइकांशी बोलणार, अशी कामाची वाटणी होती. त्या वेळी त्यांचे वय ४७ होते.

त्याच वर्षी ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी बोटी बाल्टिक समुद्रात सुरू झाल्या. त्यांच्या दहा-दहा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनांना ब्युखींच्या देखरेखीखाली बनलेले टर्बो बसवले होते. जे इंजिन एरवी १,७५० अश्वशक्ती देत असे, ते २,५०० अश्वशक्ती देऊ लागले. मोठ्या मुलांनी हिशेब करून पाहावा, ही वाढ चाळीस टक्क्यांहून अधिक होते. इंजिनाचा आकार मात्र तोच!

त्यानंतर टर्बो जगभर पसरला. अमेरिकेतल्या आल्को कंपनीने १९३०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या रेल्वे इंजिनांना ब्युखींच्या पद्धतीचा टर्बो बसवला. पुढे १९६०च्या दशकात याच आल्को कंपनीच्या आराखड्याची, टर्बो असलेली २,६०० अश्वशक्तीची डिझेल इंजिने भारतीय रेल्वेत आली आणि नंतर वाराणसीला बनू लागली. तुमच्या आईबाबांनी लहानपणी आजोळी जाताना ज्या गाड्यांतून प्रवास केला, त्यांतल्या कितीतरी गाड्या याच इंजिनांनी ओढल्या. १९३८ साली स्वित्झर्लंडच्या सॉरर कंपनीने मालमोटारीसाठी टर्बो इंजिन बनवले. आज समुद्रावरची जवळजवळ सर्व मोठी मालवाहू जहाजे टर्बो लावलेल्या डिझेल इंजिनांवर चालतात. भारतातून आपल्या दुकानात येणारा तांदूळ, डाळी आणि लोणच्याच्या बरण्यासुद्धा टर्बोच्याच जोरावर येतात!

आल्फ्रेड ब्युखी २७ ऑक्टोबर १९५९ रोजी, वयाच्या ८०व्या वर्षी, विंटरथूर येथेच वारले. घरोघरच्या मोटारीत टर्बो आलेला मात्र त्यांनी पाहिला नाही. बाजारात विकायला आलेल्या पहिल्या टर्बो मोटारी त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९६२ साली अमेरिकेत निघाल्या. ओल्डस्मोबिल कंपनीची जेटफायर आणि शेव्हरोलेची कॉर्व्हेअर या त्या मोटारी.

जेटफायरची गोष्ट मजेची आहे, आणि थोडी शिकवणारीही. हवा दाबली की ती तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच भडकते आणि इंजिनात हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. असे होत राहिले तर पिस्टन फुटतो. ते टाळण्यासाठी जेटफायरमध्ये पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण हवेबरोबर फवारत असत. त्याची वेगळी टाकी होती, आणि ती मालकाने आठवणीने भरायची. पण रोज कामावर जाणारा माणूस हे कुठे लक्षात ठेवणार? टाकी रिकामी राही, गाडीचा जोर जाई, तक्रारी येत. ती गाडी दोनच वर्षांत बंद झाली. इंजिन शक्तिमान होते, पण रोजच्या वापराला सोपे नव्हते.

रोजची गाडी कशी असावी लागते? थंडीत सकाळी पहिल्या फटक्याला सुरू झाली पाहिजे. शाळा, ऑफिस, वाणसामान, सगळीकडे न कुरकुरता गेली पाहिजे. म्हणून पुढच्या इंजिनियरांनी एकेक गोष्ट जोडत नेली. दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करण्यासाठी एक वेगळा रेडिएटर आला, त्याला इंटरकूलर म्हणतात. हवेचा दाब नको तितका वाढू लागला, तर जास्तीचा धूर टर्बाइनला वगळून बाहेर सोडणारी झडप आली. तो हातोड्याचा आवाज ‘ऐकून’ इंजिनाला सावरणारे यंत्र आले. स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ साली लोकांपुढे आणलेल्या मोटारीत मुद्दाम लहान टर्बो बसवला, म्हणजे शहरातल्या कमी वेगातही तो उपयोगी पडावा. १९७८ साली मर्सिडीजची टर्बो डिझेल मोटारही आली.

पालकांनाही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. टर्बोची चाके मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतात. पेट्रोल गाडीत त्यांवरून जाणारा धूर ९०० अंशांच्याही वर तापलेला असतो. एवढ्या वेगाने फिरणारा तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणून ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या प्रतीचे तेल बदलणे, हा टर्बो गाडीचा खरा औषधोपचार. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर हळू चालू ठेवणे, ही सवयही चांगली. ज्या मोठ्या मुलांना साध्या इंजिनावर टर्बो लावावा असे वाटत असेल, त्यांनीही लक्षात ठेवावे की टर्बो ही शेवटी घेण्याची वस्तू आहे. आधी दणकट पिस्टन, वाढलेल्या हवेला पुरेल इतके इंधन, थंड राखण्याची सोय आणि तेलाची व्यवस्था. एवढे जमले तर टर्बो.

आजच्या अनेक चार सिलिंडरच्या टर्बो मोटारींत पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचा धूर एका वाटेने, तर दुसऱ्या आणि तिसऱ्याचा दुसऱ्या वाटेने टर्बाइनपर्यंत जातो. एकाची लाट दुसऱ्याच्या आड येऊ नये म्हणून! म्हणजे १९२५ सालची ब्युखींची युक्ती शंभर वर्षांनंतरही मोटारींत काम करते आहे.

मुलांनो, चांगली कल्पना सुचणे ही मोठी गोष्ट आहेच. ब्युखींना ती २६व्या वर्षी सुचली. पण लोकांनी तिच्यावर भरवसा ठेवावा म्हणून ते त्यानंतर वीस वर्षे त्याच एका प्रश्नाच्या मागे राहिले. पहिला नमुना फसला तेव्हा त्यांनी कल्पना टाकून दिली नाही, तर ती का फसली ते शोधले. त्या वीस वर्षांमुळे आज आपण त्यांना टर्बोचे जनक म्हणतो.

घरी करून पाहा

१. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून धरा आणि दांडा दहा-बारा वेळा जोराने मारा. पंपाचा खालचा भाग गरम लागतो का? मग इंटरकूलर कशासाठी असतो ते धाकट्या भावंडांना समजावून सांगा.

२. कागदाचे भिरभिरे बनवा. फुंकर समोरून, बाजूने आणि तिरपी मारून पाहा. ते सर्वांत जोरात केव्हा फिरते? पुढच्या वर्गात मराठीतून सांगा.